काउंटरच्या दोन बाजूंची मराठी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी बचतीवर किंवा म्युच्युअल फंडावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. बँकेत सदतीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय बोलणार? पण आज मी पैशावर बोलणार नाही. पैशाच्या शब्दांवर बोलणार आहे. प्रत्येक धंद्याची एक आतली भाषा असते. डॉक्टरांची असते, वकिलांची असते, तलाठ्याची असते, बैलबाजारातल्या दलालाची असते आणि आम्हा बँकवाल्यांची तर असतेच. ही भाषा कशासाठी असते, आणि तिच्यामुळे कधी कुणाचं काय होतं, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात घरापासून करतो. गेल्या वर्षी आमच्या सौ.चे गुडघे दुखत होते म्हणून डॉक्टरांकडे नेलं. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'टीडीएस'. माझ्या डोक्यात एकच अर्थ. मी म्हणालो, "अगं, आता गोळीवरही कर कापतात!" औषधाच्या दुकानातला मुलगा हसला. म्हणाला, "काका, टीडीएस म्हणजे दिवसातून तीन वेळा." लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत म्हणे. दोन वेळा असेल तर 'बीडी'. आपल्या भागातले एक आजोबा ही 'बीडी' वाचून खूश झाले होते, की डॉक्टरांनीच परवानगी दिली! तीच तीन अक्षरं. बँकेत त्यांचा अर्थ मुळातून करकपात आणि दवाखान्यात तीन वेळा गोळी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. चुकलो मी, कारण मी माझ्या धंद्याचा चष्मा लावून दुसऱ्याच्या धंद्याचा कागद वाचला.

असं मी पहिल्यांदा चुकलो ते नोकरीच्या सुरुवातीला. मी नांदेड शहरात वाढलेला. शेती पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. आणि नेमणूक झाली ग्रामीण शाखेत, शेतीकर्जाच्या टेबलावर. १९८० नंतरचे दिवस, आयआरडीपीची कर्जं जोरात. एका गावात बैलजोडीच्या कर्जासाठी पाहणीला गेलो. लाल कंधारी गोऱ्हे होते, आपल्या भागाचं भूषण. फॉर्मात जनावराच्या वयाचा रकाना होता. मी विचारलं, "वय काय?" शेतकरी म्हणाला, "साहेब, आदत हाये." मी ऐकलं हिंदीतलं 'आदत', म्हणजे सवय. मी गंभीरपणे विचारलं, "कसली आदत? मारायची का?" सारा पार हसायला लागला. मग एका म्हाताऱ्या मामांनी गोऱ्ह्याचं तोंड उघडून दाखवलं आणि शिकवलं. दुधाचे दात पडले नाहीत तोवर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. जन्मतारखेचा दाखला नसलेल्या जनावराचं वय सांगायची ही केवढी नेमकी पद्धत! माझ्या फॉर्मातल्या 'अंदाजे वय वर्षे' या रकान्यापेक्षा कितीतरी नेमकी.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक, अडाणी कोण हे आपण कोणत्या बाजूला उभे आहोत त्यावर ठरतं. दुसरी, धंद्याची भाषा ही काही उगाच मिरवायला तयार झालेली नसते. 'वाफसा' हा एकच शब्द घ्या. जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही, औत चालेल आणि बी रुजेल, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. तो शब्द काढून घेतला तर शेतकऱ्याला दर वेळी चार वाक्यं बोलावी लागतील. आमच्या बँकेतही 'क्लिअरिंग', 'डे बुक', 'सस्पेन्स' म्हटलं की टेबलापलीकडच्या सहकाऱ्याला पुढचं सांगावं लागत नव्हतं. आपापसात ही भाषा म्हणजे वेळ वाचवणारं, चूक टाळणारं अवजार आहे.

पण काही भाषा लपवण्यासाठी असते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तुमच्यापैकी बहुतेकजण गेलेले आहेत. तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात आणि भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. तिथं निदान सरळ व्यवहार आहे, कारण रुमाल सगळ्यांना दिसतो. आपल्याला कळू दिलं जात नाही एवढं तरी आपल्याला कळतं. खरी पंचाईत होते ती रुमाल दिसत नाही तेव्हा. शब्द ओळखीचा वाटतो, आपल्याच भाषेतला वाटतो, आणि अर्थ मात्र आतल्या भाषेतला असतो. माझ्या आयुष्यातली गोष्ट अशाच एका शब्दाची आहे. ती सांगण्याआधी आपल्या भागाबद्दल थोडं बोलतो.

आपण मराठवाड्याची माणसं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि राज्यकारभार उर्दूत होता. महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं, १९०७. आजही जुन्या जमिनीचा वाद निघाला की आपल्याकडे १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक शोधत फिरावं लागतं, आणि त्याआधीचा कागद असेल तर उर्दू वाचणारा जाणकार गाठावा लागतो. पुढे महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा १९६६ चा आला. या सगळ्या उलथापालथीत शब्द मात्र टिकले. अर्ज, दाखला, तहसील, जामीन, वारस, मुदत, रक्कम, वसूल, जप्ती हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. आज कुणाला ते परके वाटतात का?

शब्द बदलायचे प्रयत्नही थोरामोठ्यांनी केले. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर, १६७७ च्या सुमारास, रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्य आपलं तर कारभाराचा शब्दही आपला, हा त्यामागचा विचार होता आणि तो थोर होता. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली शासनाने भाषा संचालनालय स्थापन केलं आणि कारभाराची मराठी घडवायचं काम हाती घेतलं. त्यातून चांगले शब्द मिळाले. पण काही असेही मिळाले की मूळ इंग्रजी बरी वाटावी. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या आपल्या मुलांना विचारा, 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणजे काय. सांगता येणार नाही. 'डीम्ड कन्व्हेयन्स' म्हटलं तर निदान ऐकलेलं असेल. अर्थ साधा आहे. बिल्डरने मुदतीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर सोसायटीने अर्ज करून त्याच्या सहीवाचून ती आपल्या नावावर करून घ्यायची. शब्द शुद्ध असला म्हणजे तो कळतोच असं नाही, आणि परका असला म्हणजे कळत नाही असंही नाही. आता माझी गोष्ट.

२००७ चा जून. मी आपल्याच भागातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. कोणत्या बँकेत हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे, बाकीच्यांना ठाऊक नसलं तरी चालेल. चार एकर कोरडवाहू असलेले एक मामा आले. पीककर्ज पंचवीस हजारांच्या आतलं, मुदत मार्चमध्ये संपलेली, भरायला पैसे नाहीत. मृग तोंडावर, बियाणं घ्यायचं. मी त्यांना जे सांगितलं ते तेव्हा आम्ही सगळेच सांगायचो. "मामा, नवं-जुनं करून टाका." म्हणजे काय, तर दोन दिवसांसाठी कुठून तरी पैसे आणायचे, जुनं कर्ज व्याजासकट भरायचं आणि तिसऱ्या दिवशी नवं कर्ज उचलून ज्याचे त्याला परत करायचे. शेतकऱ्याचं खातं नियमित राहतं, त्याला थोडी वाढीव रक्कम मिळते, आणि जूनअखेरचा शाखेच्या वसुलीचा आकडाही चांगला दिसतो. हे शेवटचं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

मामांनी सावकाराकडून पैसे आणले. जुनं भरलं, नवं घेतलं. कागदावर अंगठा केला. अंगठा करणाऱ्याच्या कागदाखाली एक ओळ असते, की वरील मजकूर यांना वाचून दाखवला, समजावून सांगितला, आणि त्यांना तो कबूल आहे. त्या ओळीखाली माझी सही. मित्रहो, आज कबूल करतो. त्या ओळीखाली मी आयुष्यात शेकड्यांनी सह्या केल्या. मजकूर वाचून दाखवला तो फार थोड्यांना. रांग मोठी असायची आणि फॉर्मची पानं पुष्कळ असायची. आणि खरं सांगायचं तर त्यातली काही कलमं मलाही दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय कळत नव्हती.

२९ फेब्रुवारी २००८ ला केंद्राच्या अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर झाली. पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्यांचं पात्र कर्ज पूर्ण माफ. त्यावरच्यांना पंचाहत्तर टक्के भरल्यावर पंचवीस टक्के सूट. गावोगाव आनंद. पण 'पात्र' या शब्दात सगळं दडलेलं होतं. कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेलं हवं, ३१ डिसेंबर २००७ ला थकीत हवं, आणि २९ फेब्रुवारीपर्यंत न भरलेलं हवं. शाखेच्या फलकावर लाभार्थ्यांच्या याद्या लागल्या. मामा नातवाला घेऊन आले. नातवाने यादी दोनदा वाचली. मग मामा माझ्या केबिनमध्ये आले.

"साहेब, माझं नाव कामून नाही?"

मी म्हणालो, "मामा, तुमचं खातं थकीत नाही. नियमित आहे. कर्ज मागच्या जूनमधलं आहे."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "जूनमधलं कसं साहेब? तेच कर्ज हाये की, तीन सालापासनंचं. तुमीच म्हणलात नवं-जुनं करा." आणि मग म्हणाले, "आन् मी थकलो न्हाई म्हणता? मग थकलं कोन?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या भाषेत थकतं ते खातं. त्यांच्या भाषेत थकतो तो माणूस. आमच्या पुस्तकात जुनं कर्ज फिटलं होतं आणि नवं सुरू झालं होतं. त्यांच्या हिशेबात तीन वर्षांपूर्वीचं तेच ओझं पाठीवर होतं, वर सावकाराचं दोन दिवसांचं व्याज. शेजारच्या शेतकऱ्याने काहीच भरलं नव्हतं, तो सुटला. मामांनी माझं ऐकून भरलं, ते अडकले. मी त्यांच्या नावाने तक्रार अर्ज लिहून दिला. तो नामंजूर झाला. नियमाप्रमाणे बरोबरच नामंजूर झाला.

कर्जमाफी होणार हे जूनमध्ये मला ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यामुळे माफी हुकली याचा दोष मी स्वतःकडे घेत नाही. पण 'नवं-जुनं' म्हणजे जुनं संपलं आणि नव्या तारखेचं दुसरं कर्ज तुमच्या डोक्यावर आलं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मग करायचं की नाही ते त्यांनी ठरवलं असतं. मी ते सांगितलं नाही, कारण मला वाटलं, हा तर सोपा मराठी शब्द आहे, यात सांगायचं काय? त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांनाही तो सोपा मराठी शब्द वाटला. अवघड इंग्रजी शब्द असता तर निदान त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं.

नंतर मला बँकेचे सगळेच शब्द वेगळे दिसायला लागले. तुम्ही ठेव ठेवता ती तुमची पुंजी. बँकेच्या ताळेबंदात ती 'देणे'. तुमचं कर्ज तुमच्या डोक्यावरचा भार. बँकेच्या ताळेबंदात ती 'ॲसेट', म्हणजे मत्ता. हप्ते थांबले की तीच मत्ता 'अनुत्पादक' होते, म्हणजे एनपीए. 'तारण' शब्दात तारणं आहे खरं, पण जमीन तारते ती बँकेला. यात लबाडी काही नाही. ताळेबंद बँकेचा आहे, तर शब्द बँकेच्या बाजूनेच उभे राहणार. फक्त काउंटरच्या अलीकडच्या माणसाला हे ठाऊक हवं, की प्रत्येक शब्द कुठल्या तरी एका बाजूला उभा असतो.

मामांनी पुढच्या दोन वर्षांत ते कर्ज हळूहळू फेडलं आणि बेबाकी मागायला आले. मी प्रमाणपत्र हातात दिलं. त्यांनी विचारलं, "आता बाकी न्हाई ना?" मी म्हणालो, "बेबाकी म्हणजेच बाकी नाही, मामा." ते म्हणाले, "ते ठावं हाये. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." पहा, 'बेबाकी' हा फारसी वळणाचा शब्द, कुण्या काळी दरबारातून आलेला. तो त्यांना पूर्ण ठाऊक होता, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्या कागदावर त्यांचं जमीन-जुमला टिकणं अवलंबून होतं. 'सातबारा'चंही तसंच. मुळात तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दफ्तरातले निव्वळ आकडे. पण शेतकऱ्याने तो असा आपलासा केला की आज मोर्चात 'सातबारा कोरा करा' अशी घोषणा होते. म्हणजे धंद्याची भाषा लोकांना कळतच नाही हे खोटं आहे. लोकांना ती कळते. मात्र कुणीतरी एकदा नीट सांगावी लागते, आणि लोकांनी विचारावी लागते.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी नोंदणी प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यावर वर्गीकरण होतं 'भाडेकरू मालकी'. एक सभासद रागावून माझ्याकडे आले होते, "स्वतःच्या पैशाने प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि सरकार आम्हाला भाडेकरू म्हणतं?" ते आज समोर बसून हसत आहेत. 'एनए'चाही असाच घोळ. आपली जमीन एनए म्हणजे बिनशेती. फॉर्मात एनए लिहिलं तर 'लागू नाही'. हे विनोदाचे झाले. पण एक शब्द असा आहे की त्यावर मी आज हसणार नाही. तो म्हणजे नॉमिनी, नामनिर्देशित व्यक्ती.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, नॉमिनी लावला की घर किंवा पैसा त्याचा झाला. तसं नाही. सर्वसाधारणपणे नॉमिनी हा रक्कम किंवा कागद ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं. आपल्या सोसायटीतही सभासद गेल्यावर नॉमिनीचं नाव लागतं ते तात्पुरतं, वारस ठरेपर्यंत. ज्यांनी थोरल्या मुलाला नॉमिनी करून धाकट्या मुलीला "तुझी काळजी घेईल तो" असं सांगून ठेवलं आहे, त्यांनी हा शब्द आजच घरात समजावून सांगावा, आणि मृत्युपत्र करावं. 'नॉमिनी' आणि 'वारस' या दोन शब्दांतला फरक न कळल्यामुळे भाऊ-बहीण बोलेनासे झालेले मी काउंटरवरून पाहिले आहेत.

शेवटी तीन सूचना करतो.

पहिली, कर्ज घेणाऱ्यांसाठी. सहीआधी तीन प्रश्न विचारा. एकूण किती भरायचं, कधीपर्यंत, आणि नाही भरलं तर काय होईल. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ मुदत कर्जासाठी बँकेने एक सोपं विवरणपत्र द्यायचं आहे, ग्राहकाला समजेल त्या भाषेत. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर असतो. ते मागून घ्या. आणि कुणी "जामीनदार व्हा, नुसती सही पाहिजे" म्हणालं, तर लक्षात ठेवा की १८७२ च्या करार कायद्यापासून जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. नुसती सही असं काही नसतं.

दुसरी, आपल्या मुलांसाठी. इथली मुलं आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, कॉम्प्युटरमध्ये आहेत. बाळांनो, तुमची आतली भाषा तुमच्या माणसांत खुशाल बोला, ती तुमचं अवजार आहे. पण समोर पेशंट, अशील किंवा गिऱ्हाईक असेल तेव्हा "समजलं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "होय साहेब" असंच येतं. "तुम्हाला काय समजलं ते मला सांगा बरं" असं विचारा. मी मामांना हे एक वाक्य विचारलं असतं, तर त्यांनी "तेच कर्ज पुढं चालू" असं सांगितलं असतं, आणि माझी चूक तिथंच माझ्या लक्षात आली असती.

तिसरी, कार्यकारिणीसाठी. सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीच्या खाली दोन ओळी साध्या बोलीत लिहा, की यात सभासदाने काय करायचं आणि किती तारखेपर्यंत. त्या दोन ओळी लिहायला कुणी मिळत नसेल, तर हा म्हातारा मोकळाच आहे. मानधन नको. चहा चालेल.

मामा आज हयात नाहीत. त्यांचा नातू, ज्याने ती यादी दोनदा वाचली होती, तो आता पदवीधर झाला आहे आणि गावात लोकांचे अर्ज भरून देतो. मागच्या पोळ्याला भेटला तेव्हा म्हणाला, "काका, मी आधी वाचून दाखवतो, मगच सही घेतो." मला जे जमलं नाही ते तो करतोय.